आट्यांना वंगण: दुर्बिणीच्या रिंगा जाम होऊ नयेत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रत्नागिरीत राहता, ८० मिमीची अपवर्तक दुर्बीण आहे, तिच्या मागे फील्ड फ्लॅटनर (फोटोच्या कडेचे तारेही नेमके उमटावेत म्हणून लावायची भिंगांची नळी), मग अंतर राखणाऱ्या १६.५ आणि २१ मिमीच्या दोन स्पेसर रिंगा आणि शेवटी थंड होणारा कॅमेरा. पावसाळाभर हे सगळे जोडलेलेच पेटीत होते. गणपती झाल्यावर पेटी उघडली तर फ्लॅटनर आणि पहिली रिंग एकमेकांना सोडायला तयार नाहीत. गॅरेजवाला म्हणाला डब्ल्यूडी-४० मारा, मित्र म्हणाला खोबरेल सोडा. आता सोडवायचे कसे आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून आट्यांना नेमके काय लावायचे, हे तुम्हाला हवे आहे.

हे वाचून होईपर्यंत त्या जोडावर कुठलाही स्प्रे मारू नका आणि पकड लावू नका. मी वीसेक वर्षे दुर्बिणी उघडतो आणि जोडतो आहे. रिंग जाम झाल्याने कायमचे नुकसान झालेले मी फार कमी वेळा पाहिले. ती सोडवण्याच्या घाईत झालेले नुकसान मात्र पुष्कळ पाहिले: अंडाकृती झालेल्या रिंगा, ओरखडलेले फिल्टर, फ्लॅटनरच्या काचांमध्ये शिरलेले तेल.

आधी जाम होण्याचे कारण बघू, कारण वंगण कुठे आणि किती लावायचे ते त्यावरूनच ठरते.

तुमच्या रिंगांचे आटे एम४८ × ०.७५ आहेत. ४८ मिमी व्यास, पाऊण मिलिमीटर पिच. म्हणजे रिंग एक पूर्ण फेरा फिरली की पाऊण मिलिमीटर पुढे सरकते. ४८ मिमीच्या वर्तुळाचा परीघ साधारण १५१ मिमी. १५१ मिमी चाल आणि पाऊण मिमी चढ, म्हणजे २०० पावलांत एक पाऊल वर. साध्या एम६ बोल्टचा चढ १९ पावलांत एक असतो. चढ इतका सौम्य असला की आटे लांबलचक, बारीक पाचरीसारखे काम करतात. सहज हाताने आवळले तरी पाचर खोल बसते, आणि दिसायला काहीच जोर लावलेला नसतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोल्ट आवळताना हाताच्या जोरातला अंदाजे निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात आणि जेमतेम १० टक्के प्रत्यक्ष आवळण्यात. यंत्रशाळेतला हा जुना ठोकताळा. आपल्या रिंगांमध्ये डोक्याची जागा घेतो तो खांदा, म्हणजे आटे संपतात तिथला सपाट काठ, ज्यावर दुसरी रिंग येऊन टेकते. हा काठ मध्यापासून सर्वांत लांब असतो, म्हणून तिथले घर्षण रिंगेला सर्वांत जास्त धरून ठेवते. आट्यांत कितीही चांगले वंगण घातले आणि दोन खांदे कोरडे, धुळीचे किंवा ओरखडलेले राहिले, तर रिंग जाम होणारच.

तिसरी गोष्ट धातूची. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, कठीण थर आपोआप तयार होतो. काळ्या रिंगांवर तो अ‍ॅनोडायझिंग करून मुद्दाम जाड केलेला असतो. हा थर शाबूत आहे तोवर दोन रिंगा एकमेकींवरून गुळगुळीत सरकतात. थर घासून निघाला की आतला नरम धातू समोरच्या नरम धातूला भिडतो, कण एकमेकांत रुततात आणि रिंग फिरवताना दाताखाली खडा यावा तशी करकर जाणवते. याला गॉलिंग म्हणतात. भिंग घेऊन आट्यांकडे पाहा. आट्यांचे शेंडे काळे असतील तर ठीक. चंदेरी चमकत असतील तर तिथे उघडे अ‍ॅल्युमिनियम आहे आणि त्या जोडाला वंगणाची खरी गरज आहे.

आणि चौथे कारण तुमच्या गावचे. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, वर रात्रीचे दव. मिठाचा अंश असलेले पाणी आट्यांच्या फटीत बसले की उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे फट गच्च भरते. शेजारी स्टेनलेस स्टील किंवा पितळ असेल तर दोन धातूंमध्ये विजेचा बारीक घट तयार होतो आणि त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. तुमच्या वर्णनावरून तुमची रिंग खांद्याच्या घर्षणाने आणि या भुकटीने मिळून धरली असावी, असा माझा अंदाज आहे.

आता सोडवण्याचे काम. कॅमेरा आधी काढा. कॅमेऱ्याच्या बाजूचा जोड सुटतो असे तुम्ही लिहिले आहे, हे नशीब. फ्लॅटनरही दुर्बिणीपासून वेगळा करा आणि त्याच्या पुढच्या काचेला टोपण लावा.

स्टीलच्या डब्याचे घट्ट झाकण आठवा. बोटांनी दोन बाजूंनी जितके दाबाल तितके ते घट्ट बसते, कारण दाबाने झाकण लांबट होते आणि दोन ठिकाणी डब्याला चावते. पातळ स्पेसर रिंगचे अगदी हेच होते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून जोर लावला की रिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत का होईना अंडाकृती होते, आणि एवढ्या बारीक आट्यांना तेवढे पुरते. हात लाल होतात आणि रिंग हलत नाही. माणसाला वाटते जोर कमी पडला, म्हणून तो पकड आणतो. पकडीच्या दोन जबड्यांमध्ये तर रिंग आणखी लांबट होते, आणि या वेळी ती परत गोल होत नाही.

म्हणून जोर सगळ्या परिघावर सारखा वाटला गेला पाहिजे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापा, एक फ्लॅटनरच्या धातूच्या अंगावर आणि एक रिंगेवर घट्ट गुंडाळा. त्याआधी स्पेसरच्या मोकळ्या तोंडात दुसरी रिंग हलक्या हाताने बसवून ठेवा. ती आतून आधार देते आणि पातळ रिंग गोल राहते. मग दोन्ही बाजू पूर्ण तळहाताने, जोडाच्या जवळ धरा आणि एका झटक्यात न फिरवता हळूहळू वाढत जाणारा जोर लावा. दहा-पंधरा सेकंद जोर धरून ठेवला की पुष्कळदा रिंग बारीक ‘टक’ आवाज करून सुटते.

तेवढ्याने झाले नाही तर रबरी हवाई चप्पल घ्या, नवी किंवा स्वच्छ धुतलेली. ती टेबलावर ठेवा, स्पेसरचे सपाट तोंड तिच्यावर टेकवा, वरून फ्लॅटनर धरून खाली दाबत फिरवा. जोर रिंगेच्या तोंडावर पडतो, बाजूंवर नाही, म्हणून रिंग लांबट होत नाही. अडकलेले फिल्टर मी बहुतेक असेच सोडवतो. कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी प्लॅस्टिकच्या पान्यांची जोडी मिळते. ४८ ते ५८ मिमीच्या मापाची जोडी तुमच्या रिंगांना चालेल. दोन पाने एकमेकांच्या जवळ लावायचे.

उष्णतेचाही उपयोग होतो, पण त्याची मर्यादा आधी माहीत हवी. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांत २३ भाग वाढते. ४८ मिमीची रिंग २५ अंशांनी तापली तर व्यास जेमतेम ०.०२८ मिमीने वाढतो. दोन्ही रिंगा सारख्याच तापल्या तर दोन्ही सारख्याच फुगतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून केस वाळवायच्या यंत्राने फक्त बाहेरची, म्हणजे आतून आटे असलेली रिंग अर्धा मिनिट फिरवत फिरवत तापवा आणि आतली तापायच्या आधी लगेच पिळा. हाताला सोसेल त्यापेक्षा जास्त तापवू नका. फ्लॅटनरमध्ये एकमेकींना चिकटवलेल्या काचा असू शकतात आणि त्यांना असा झटका सोसत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला मिळेल. रत्नागिरीच्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या काचेवर आत-बाहेर पाणी धरेल, तेव्हा ते नकोच.

एक गोष्ट तपासायची राहिली. फिल्टर किंवा फ्लॅटनरच्या तोंडाशी दोन खाचा असलेली बारीक रिंग दिसते, ती काच धरून ठेवणारी रिंग असते. जोर लावताना चुकून तीच फिरली तर काच सैल होते. कुठली रिंग फिरते आहे हे दिसावे म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंवर खडूची एकेक रेघ ओढून ठेवा.

आता वंगणाकडे.

डब्ल्यूडी-४० ची मूळ कल्पना नावातच आहे: पाणी हटवण्यासाठी १९५३ साली केलेल्या प्रयोगांतला ४० वा. पाणी हटवायला ते उत्तम आहे. पण त्यातला पातळ द्रव फटीफटीतून धावतो, उडून जातो आणि मागे तेलकट पापुद्रा सोडतो. गॅरेजमध्ये हाच त्याचा गुण. काचेपासून ४ मिमीवर असलेल्या आट्यांसाठी हाच दोष, कारण धावणारे तेल काचेपर्यंत पोहोचते आणि उडालेली वाफ सर्वांत थंड जागा शोधून तिथे बसते. थंड होणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरची काच आसपासच्या धातूपेक्षा थंड असते. हा पापुद्रा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फोटोत मात्र तेजस्वी ताऱ्याभोवती धुरकट वलय येते आणि माणूस आठवडाभर फोकसला दोष देत बसतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात सव्वा इंची फिल्टरच्या आट्यांना मी शिलाई मशीनचे तेल लावले होते, एकच थेंब. फिल्टर लोण्यासारखा फिरायला लागला आणि मला फार बरे वाटले. चार-पाच महिन्यांनी वांगणीला जानेवारीच्या एका रात्री गुरू पाहताना प्रतिमा पुसट वाटली. टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिले तर फिल्टरच्या काठापासून आत दोन-तीन मिलिमीटर तेलाची इंद्रधनुषी कडा पसरली होती. फिल्टर साफ झाला, पण त्याच्या लेपावर एक ओरखडा कायमचा राहिला. जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांतही हेच दिसते: फोकस फिरवायच्या आट्यांतले ग्रीस वर्षानुवर्षांनी पाझरते आणि छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांवर तेलाचे डाग येतात.

खोबरेलाचे तर सांगायलाच नको. साधारण २४ अंशांखाली ते गोठते. पुण्यात थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते ते सगळ्यांना माहीत आहे. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी पठारावर, पहाटे गोठलेल्या खोबरेलाने आटे उलट जड होतील. पुढे हवेने ते खवट आणि चिकट होते, धूळ धरते. स्वयंपाकघरातले कुठलेच तेल आट्यांना लावू नका. व्हॅसलीन त्यापेक्षा बरे, पण मे महिन्यात बंद गाडीत पेटी राहिली की ते वितळून वाहते.

पेन्सिलीचे शिसे घासण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे. ग्रॅफाइट कोरडे असते, काचेकडे धावत नाही, हे खरे. पण कुठला पदार्थ ओलाव्यात दुसऱ्याला झिजवतो ते सांगणाऱ्या विजेच्या मालिकेत ग्रॅफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दोन टोकांना आहेत. खारट ओलाव्यात ते एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने कुरतडले जाते. नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत एखाद्या रात्रीपुरते चालून जाईल. कोकणात मी ते कधीच वापरणार नाही. शिवाय त्याची भुकटी वीजवाहक असते, ती कॅमेऱ्याच्या आसपास नको. इंजिनाच्या बोल्टना लावतात ती तांब्याची पेस्टही याच कारणाने अ‍ॅल्युमिनियमवर नको.

सिलिकॉन ग्रीसबद्दल मतभेद आहेत. ते पाण्याला दाद देत नाही, थंडीत घट्ट होत नाही. पण त्यातले सिलिकॉन तेल पृष्ठभागावर अतिशय सहज पसरते आणि एकदा काचेवर गेले की पुसून जाता जात नाही. नळाच्या रबरी वायसरला खुशाल लावा, फिल्टरच्या शेजारी नको.

मग मी काय वापरतो? काचेच्या किंवा सेन्सरच्या जवळच्या जोडांना मेण. बाकीच्यांना टेफ्लॉनची पूड असलेले कृत्रिम तेलाचे ग्रीस.

मेण म्हणजे साधी पांढरी, बिनवासाची मेणबत्ती. त्याहून चांगले म्हणजे लाकडी सामान आणि जुन्या वस्तूंच्या जतनासाठी मिळणारे मायक्रोक्रिस्टलाइन मेण. ते जास्त तापमानाला टिकते. मेण वाहत नाही, उडत नाही, धातूशी भांडत नाही, आणि आट्यांच्या शेंड्यांवर पातळ थर धरून दोन उघडे धातू एकमेकांना भिडू देत नाही. त्याचा दोष एवढाच की कण सुटतात. म्हणून मेण घासल्यावर आट्यांवरून कोरडा टूथब्रश फिरवायचा आणि रिंग उलटी करून टिचकी मारायची.

टेफ्लॉनचे ग्रीस म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या माउंटच्या गिअरसाठी मिळते तेच. पांढरट, अर्धपारदर्शक असते. एक लहान ट्यूब दहा वर्षे पुरते. त्याहून वरच्या दर्जाचे फ्लोरिनयुक्त तेलाचे ग्रीसही असते, अंतराळयानांच्या यंत्रणांत वापरतात त्या जातीचे. ते जवळजवळ उडतच नाही. पण ते महाग आहे आणि अल्कोहोलने निघत नाही, त्यामुळे चुकून काचेला बोट लागले तर पंचाईत. हौशी कामाला त्याची गरज पडत नाही.

लावण्याआधीची सफाई हे निम्म्याहून जास्त काम आहे, आणि कोकणात त्यात एक पायरी वाढते. लोक थेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आटे पुसतात. अल्कोहोलात तेल विरघळते, मीठ जवळजवळ विरघळत नाही. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला केलेला टूथब्रश आट्यांवरून दोन-तीन वेळा फिरवा, कपड्याने टिपा, मग अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या. हे फक्त सुट्या रिंगांसाठी. फ्लॅटनर आणि फिल्टरला ब्रशऐवजी कापसाच्या काडीने, काच वर न करता, आडवे धरून साफ करा, म्हणजे घाण काचेवर उतरणार नाही. पांढरी भुकटी दाताच्या काडीने एकेका आट्यातून खरवडा. सुई किंवा ब्लेड नको, त्याने अ‍ॅनोडायझिंग जाते.

सड्यावरच्या जांभ्याची तांबडी धूळ विसरू नका. ती अतिशय बारीक आणि खरखरीत असते. ग्रीसमध्ये ती मिसळली की तयार होतो तो धातू घासायचा लेप. म्हणून ग्रीस लावलेल्या जोडाला उघडे तोंड कधी ठेवू नये. टोपण नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड चालेल.

प्रमाण सांगतो. एम४८ च्या एका जोडाला मोहरीच्या दाण्याएवढे ग्रीस, तेही जास्तच. दाताच्या काडीने ते बाहेरच्या आट्यांवर, म्हणजे आत शिरणाऱ्या रिंगेच्या अंगावरच्या आट्यांवर, तीन-चार ठिकाणी टेकवा, टूथब्रशने सगळीकडे पसरवा आणि मग कोऱ्या कपड्याने पुसून टाका. हो, पुसून टाका. आट्यांच्या खोबणीत जे उरते तेवढेच हवे आहे. बोट फिरवले तर किंचित निसरडे लागावे, डोळ्यांना काही दिसू नये.

वंगण नेहमी बाहेरच्या आट्यांवर लावायचे, म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्याला मेल म्हणतात त्या बाजूवर. याला कारण आहे. ती रिंग आत शिरताना समोरचा पहिला आटा जास्तीचे ग्रीस मागे खरवडत जातो, म्हणजे खांद्याकडे, बाहेरच्या बाजूला. तेच ग्रीस आतल्या आट्यांवर लावले तर शिरणारी रिंग ते पुढे ढकलत नेते, म्हणजे थेट प्रकाशाच्या वाटेत. इतकी साधी गोष्ट, पण मी उघडलेल्या तेलकट फिल्टरांपैकी बहुतेकांत चूक हीच होती. अगदी पुढचा, पहिला आटा कोराच ठेवा.

खांद्यावर ग्रीस नको, मेण हवे. कपड्याला थोडे मेण लावून तो सपाट काठ एकदा पुसायचा आणि कोरड्या कपड्याने चमकवायचा. या थराने ५५ मिमीच्या बॅकफोकसमध्ये, म्हणजे फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतच्या ठरावीक अंतरात, मोजता येईल असा फरक पडत नाही. नळाची टेफ्लॉन टेप मात्र आट्यांवर गुंडाळू नका. ती फाटते, तिचे धागे सेन्सरसमोर येतात आणि रिंग तिरकी बसते. खांद्यांमध्ये काही घालायचेच असेल तर बॅकफोकस जुळवण्यासाठी ०.१ ते ०.५ मिमीच्या प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या मिळतात त्या घाला. फिल्टरची काच जितकी जाड, तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढे अंतर तुम्हाला वाढवायचेच असते. तिथे धातूऐवजी प्लॅस्टिकची चकती वापरली की बॅकफोकस जुळतो आणि धातूवर धातू बसतही नाही. चकती सपाट आणि सुरकुती नसलेली हवी, एवढे पाहा.

वंगण लावल्यावर हाताचा जोर कमी करा. घर्षण घटले की त्याच जोराने रिंग पूर्वीपेक्षा जास्त आवळली जाते. खांदा टेकल्याचे जाणवले की पुढे बोटांच्या टोकांनी हलका दाब, बस्स. कॅमेऱ्याचे वजन आहे म्हणून अजून एक पीळ द्यावासा वाटतो. सेन्सर तिरका न होण्यासाठी दोन्ही खांदे स्वच्छ आणि पूर्ण टेकलेले असावे लागतात, त्याला जास्त पिळाची गरज नसते.

जोडताना रिंग आधी उलटी फिरवा. आटे एकमेकांवरून घसरून बारीक ‘टिक’ जाणवली की मग सुलटी. यामुळे आटा तिरका चढत नाही. आणि एक सापळा लक्षात ठेवा: एम४२ नावाच्या दोन वेगवेगळ्या जाती बाजारात आहेत. दुर्बिणीच्या टी-अ‍ॅडॉप्टरची पिच ०.७५ मिमी, जुन्या कॅमेऱ्यांच्या स्क्रू-माउंट भिंगांची १ मिमी. दोन्ही एकमेकांत एक-दीड फेरा जातात आणि मग जाम होतात. तिथे वंगणाचा काही उपयोग नाही. जोर लावाल तर दोन्हीचे आटे जातील.

काचेपासून लांबच्या भागांना नियम वेगळा. माउंटचे उंची आणि दिशा जुळवायचे बोल्ट, ट्रायपॉडचे स्क्रू, डव्हटेलच्या (दुर्बीण माउंटवर बसवायच्या पट्टीच्या) क्लॅम्पच्या मुठी: इथे बहुधा स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागात शिरतो. कोकणात अशा स्क्रूंना लिथियम ग्रीस हात सैल सोडून लावा. इथे ग्रीसचे मुख्य काम खारे पाणी आत शिरू न देणे हे आहे, म्हणून आटे पूर्ण भरले तरी चालतील. स्टेनलेस बोल्ट स्टेनलेस नटमध्ये असेल तर कोरडा कधीच आवळू नका; हा धातू स्वतःलाच सर्वांत वाईट चिकटतो, कधी कधी बोल्ट कापूनच काढावा लागतो.

काही जागा मात्र कोरड्याच हव्यात. प्रतिभाराचा दांडा माउंटमध्ये शिरतो तिथल्या आट्यांना ग्रीस चालेल, वजन सरकते त्या दांड्याच्या अंगाला नाही. डव्हटेल पट्टीच्या आणि तिच्या जबड्यांच्या पृष्ठभागाला कधीच नाही. दुर्बीण घसरून पडेल. फोकस जुळवायला नळी मागे-पुढे सरकवणाऱ्या क्रेफर्ड फोकसरच्या नळीला आणि तिला सरकवणाऱ्या दांड्यालाही नाही, कारण तो फोकसर घर्षणावरच चालतो. दात्यांच्या फोकसरला थोडे चालते. फोकसर घसरतो म्हणून त्यातच ग्रीस भरलेली एक दुर्बीण माझ्याकडे आली होती, नळी स्वच्छ करायला पूर्ण दिवस गेला.

तुमच्या वेळापत्रकाचे सांगतो. प्रत्येक सत्रानंतर सगळे सुटे करायची गरज नाही. तसे केले तर धूळच जास्त जाते. पण पेटीत ठेवण्यापूर्वी कॅमेऱ्याकडचे जोड पाव फेरा सैल करा, म्हणजे खांद्यांवरचा दाब जातो. दव पडले असेल तर पेटी लगेच बंद करू नका, पंख्याखाली तासभर वाळू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या रिंगा सुट्या करून, पाण्याने आणि अल्कोहोलने साफ करून, मेण लावून, वेगवेगळ्या पिशव्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परत कोरडे करता येतात. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

सध्याचा जोड सुटला की दोन्ही खांद्यांकडे भिंगातून पाहा. नुसती पांढरी भुकटी असेल तर सफाई आणि मेण पुरेल. धातूचा ओघळल्यासारखा ओरखडा दिसला तर स्पेसर रिंग बदला, ती फार महाग नसते. फ्लॅटनरच्या आट्यांवर पॉलिश पेपर फिरवण्याआधी मात्र जवळून फोटो काढून मला पाठवा, कुठल्या आट्यापासून ओरखडा सुरू होतो ते पाहून पुढचे सांगतो.